जाळपट्ट्यावरच्या थप्प्या

ताई दिवसातून तीनशे वेळा सॉरी म्हणायच्या. मला एकदाच म्हणायचं होतं, योग्य ठिकाणी, आणि त्याला तेरा महिने लागले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पाइनच्या झाडापाशी जायचं, मान मागे टाकून शेंड्याकडे बघायचं, हातमोज्यातल्या तळव्याने खोडावर दोनदा थोपटायचं, ‘सॉरी, बाबा’ म्हणायचं आणि छातीच्या उंचीवर नारिंगी रंगाचा फवारा मारायचा. मग वाकून आणखी एक ठिपका अगदी बुंध्याशी. की पुढचं झाड. कोणती झाडं तोडायची हे त्या ठरवत. तोडणारे मशीनवाले मागाहून येत. बुंध्याशी दुसरा ठिपका कशाला, असं मी एकदा विचारलं. ‘झाड गेला तरी बुंधा राहतो ना,’ त्या म्हणाल्या. ‘मी सांगितला तोच कापला की दुसरा, ते दिसायला पाहिजे.’

चूक माझी होती. ती काय होती ते पुढे सांगणारच आहे. पण त्या चुकीपुढे नाव त्यांचं लागलं, आणि ते मी लावलं. म्हणून इथे त्यांचं नाव लिहीत नाही. एका चुकीच्या जागी मी ते एकदा लिहून बसलो आहे, तेवढं पुरे.

इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला राहणाऱ्यांना माहीत असेल, इथे राउंडअबाउट संपले की जंगल सुरू होतं. मी ज्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे तिने त्या जंगलाच्या मालकांसाठी एक ॲप बनवलं होतं. कुठली झाडं कधी काढायची, काढलेली लाकडं कुठे रचली आहेत, ती न्यायला लॉरी कधी येणार, हे सगळं त्यात. पुण्याहून इथे आलो तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. झाडांविषयी मला फक्त एवढं माहीत होतं की ॲपमध्ये ती हिरवी दाखवायची.

पहिल्यांदा जंगलात गेलो ते ऑफिसचे बूट घालून. समोरून लोकरीची टोपी आणि लांबून दिसणारं भडक हाय-विझ जॅकेट घातलेल्या, साठीला टेकलेल्या एक बाई आल्या. गालावर नारिंगी ठिपका. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव त्यांनी वाचलं.

‘तू मराठी का?’

‘हो. तुम्ही?’

‘मी वॉटफर्डचा,’ त्या म्हणाल्या. मग माझ्या पायांकडे बघून, ‘हा बूट घालून जंगलात? लग्नाला चालला का?’

त्यांचा जन्म वॉटफर्डचाच. आई लवकर गेली. मराठी सगळं वडिलांकडून शिकलेल्या, त्यामुळे वडील बोलायचे तसंच त्या बोलायच्या: मी येतो, मी जातो, मी सांगतो. बाकी जगातल्या सगळ्या वस्तूही त्यांनी पुल्लिंगी करून टाकल्या होत्या. हा झाड, तो आग, माझा सँडविच. वडील तरुणपणी बल्लारशाच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांची मापं घ्यायचे. इकडे येऊन त्यांनी उभं आयुष्य छापखान्यात काढलं, पण मुलांना आकडे शिकवले ते डेपोतले. व्याकरण मोडकं, आणि आकडे मात्र लखलखीत.

माझं उलटं. मी इंग्रजी शाळेतला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक संख्या सांगितली, ‘एकोणऐंशी.’ मी क्षणभर थांबलो.

‘सेव्हंटी-नाइन, साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘पुण्याचा ना तू? पुण्यात आकडा नाही का शिकवत?’

तेव्हापासून मी अडखळलो की त्या ‘एकोणऐंशी!’ म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. मी त्यांना ताई म्हणू लागलो. त्या मला साहेब म्हणायच्या, पण त्यात आदर अजिबात नव्हता.

तुम्ही कधी पाइनच्या दाट लागवडीत शिरला आहात का? बाहेरून ते जंगल सुंदर दिसतं. आत गेल्यावर श्वास कोंडतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी झाडं दाटीने लावली, पुढे विरळणी करू म्हणून, आणि ती कुणी केलीच नाही. झाडं उजेडासाठी वर पळत राहिली आणि खालच्या फांद्या जागच्या जागी वाळल्या. पेन्सिलीसारखी खोडं. पक्षी नाही, गवत नाही, पायाखाली फक्त सुयांचा जाड थर.

‘हा वाळलेला फांदी बघ,’ ताई म्हणायच्या. ‘हा शिडी आहे. आग जमिनीवर चालत येतो. चालत असला की माणूस विझवतो. शिडी मिळाला की वर चढतो. वर गेला की मग कोणाचा बाप विझवू शकत नाही.’

विरळणीत अशी झाडं काढतात, उरलेल्यांना हवा मिळते आणि आगीची शिडी मोडते. काढलेलं लाकूड वाया जात नाही. त्याचे तुकडे करून ते बॉयलरमध्ये जाळतात. आमच्या जंगलातलं लाकूड एका लेझर सेंटरला, म्हणजे सार्वजनिक क्रीडाकेंद्राला जायचं, तिथला स्विमिंग पूल गरम करायला. बारीक, वाकडं झाड दिसलं की ताई थोपटायच्या आणि म्हणायच्या, ‘सॉरी, बाबा. जा, पोहायला जा.’

मीही एकदा रंगाचा डबा मागून घेतला. खोड बघितलं, बारीक वाटलं, फवारा मारायला हात उचलला. त्यांनी मनगट धरलं.

‘आधी वर बघ.’

वर बघितलं. त्या बारीक खोडाचा शेंडा आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा हिरवा आणि भरलेला होता.

‘खाली बघून कापायचा नाही,’ त्या म्हणाल्या. ‘खाली सगळे सारखे दिसतात.’

ॲप त्यांना जमलं नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे त्यांना ते नको होतं. हातात मोजे, मोज्यांवर रंग, झाडांत सिग्नल नाही. त्यांच्याकडे पाठीला सुतळी बांधलेली एक वही होती. मग मीच एक सोय काढली. दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्या जंगलाच्या फाटकापाशी, जिथे सिग्नल येतो तिथे, गाडीत बसायच्या आणि मला फोन करून वही वाचून दाखवायच्या. मराठीत. मी ब्रॅकनेलच्या ऑफिसात बसून ते त्यांच्या लॉग-इनने ॲपमध्ये भरायचो. पासवर्डही मीच ठेवला होता: त्यांच्या वडिलांचं गाव आणि पुढे एक-दोन-तीन.

हे नियमाला धरून नव्हतं. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यानेच भरायचं, हा त्या ॲपचा पाया होता, आणि तो मीच नवीन लोकांना शिकवायचो. पण ऑफिसात आजूबाजूला कुणाला मराठी कळत नव्हतं. मी कानाला फोन लावून ‘बरं, पुढे?’ म्हणत बसलेला दिसायचो. लोकांना वाटायचं घरचा फोन आहे. मलाही तसंच वाटायचं.

‘प्लॉट सहा. एकशे त्रेचाळीस मार्क केला. प्लॉट सात. अठ्ठ्याण्णव. तिथे एक घुबडाचा घर आहे, तो झाड सोडला. लिही, घुबड.’

‘घुबडाला रकाना नाही, ताई.’

‘मग कर ना एक. इंजिनियर ना तू?’

मी खरंच केला. इतर नोंदी, असा.

आता थप्प्यांचं सांगतो. थप्पी हा त्यांच्या वडिलांचा शब्द. डेपोत लाकडं एकावर एक रचली की ती थप्पी. ओलं लाकूड बॉयलरला चालत नाही, म्हणून ते काही महिने उघड्यावर रचून वाळवतात. त्या वर्षी मशीनवाल्यांनी थप्प्या रचल्या त्या जाळपट्ट्यावर. जंगलाच्या दोन भागांमध्ये झाडं न लावता जी रुंद मोकळी पट्टी सोडतात ती जाळपट्टा. इकडची आग तिकडे जाऊ नये म्हणून. तिथपर्यंत लॉरी सहज येते, म्हणून थप्प्या तिथे. पट्ट्याच्या एका बाजूला ताईंनी विरळणी करून घेतलेला भाग, दुसऱ्या बाजूला अजून हात न लागलेला दाट भाग. आणि मधोमध छातीएवढ्या उंचीचं कोरडं लाकूड.

‘जाळपट्ट्यावर थप्पी?’ ताई फोनवर ओरडल्या होत्या. ‘माझा बाबा असता ना, कानाखाली दिला असता एकेकाला.’

मी ते वर कळवलं, एवढं खरं. मार्च संपायच्या आत थप्प्या हलवायचं ठरलं. ॲपमध्ये ते काम लाल दिसू लागलं. लॉरी गुरुवारी येणार होती आणि शुक्रवारी बारा वाजता जंगलाच्या मालकांबरोबर आमची मीटिंग होती. त्या मीटिंगमध्ये सगळं हिरवं दाखवायचं होतं. ताईंचा फोन तीनला येणार. मी विचार केला, लॉरी काल येऊन गेलीच असेल, चार तासांनी जे भरणार ते आत्ता भरलं तर काय बिघडलं? अकरा वाजता मी त्यांच्या लॉग-इनने ‘थप्प्या उचलल्या, प्रत्यक्ष पाहिलं’ यापुढे टिक केली.

तीन वाजता फोन आला. ‘लॉरी आला नाही. बिघडला म्हणे. थप्पी तिथेच आहे.’

टिक काढता येत होती. पण त्यासाठी माझ्या मॅनेजरची परवानगी लागायची आणि कारण लिहावं लागायचं. कारण काय लिहिणार? मी म्हणालो, ‘येईल, ताई.’ लॉरीवाले काय करत होते, तर ॲपमध्ये जे लाल आहे तिकडे गाडी पाठवत होते. आमच्या थप्प्या त्यांच्या लेखी संपल्या होत्या.

दुसऱ्या शुक्रवारी ताई म्हणाल्या, ‘मशीनवाल्यांना विचारला मी. ते म्हणतात स्क्रीनवर थप्पी नाही. स्क्रीनवर नाही म्हणे! मी त्याच्यावर बसून सँडविच खातो आहे.’

मी हसलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं हसू ते.

तिसऱ्या शुक्रवारी त्या हसल्या नाहीत. ‘साहेब, आठ दिवस झाले पूर्वेचा वारा आहे. गवत कुरकुर वाजतो. तू बघ जरा, हां?’

‘सोमवारी नक्की बघतो.’

आग रविवारी लागली.

इंग्लंडमध्ये वणवा लागतो हे माझ्या पुण्याच्या नातेवाइकांना अजून पटत नाही. पण एप्रिलमध्ये इथे गेल्या वर्षीचं मेलेलं गवत उभं असतं आणि पाऊस नसला तर एक ठिणगी पुरते. कुणीतरी झाडांत बार्बेक्यू पेटवला होता, असं नंतर म्हणाले. मी घरामागे कपडे वाळत घालत होतो. आधी वास आला, मग आकाश पिवळट झालं. आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज येऊ लागले. ‘विंडोज बंद ठेवा, कपडे आत घ्या.’ ‘रोड क्लोज्ड आहे का कुणाला माहीत?’ ‘पाडव्याचे फोटो कुणी अजून टाकले नाहीत, प्लीज टाका.’ मी ओले कपडे हातात धरून उभा होतो आणि कुठला रस्ता बंद असेल ते मला न विचारता कळत होतं.

माणूस कुणी गेलं नाही, हे आधी सांगतो. तीन गल्ल्यांमधल्या लोकांना एका शाळेच्या हॉलमध्ये दोन रात्री काढाव्या लागल्या. पलीकडचा दाट भाग पूर्ण गेला.

आठवड्याने मी आत गेलो तेव्हा जे पाहिलं ते तुम्हालाही पाहायला हवं होतं. ताईंनी विरळ केलेल्या भागात आग शिरली होती, पण जमिनीवरून चालत गेली होती. झाडं कमरेपर्यंत काळी आणि वर हिरवी. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं. मग आग जाळपट्ट्यापाशी आली. तिथे ती थांबायला हवी होती. तिथे थप्प्या होत्या. पलीकडे काळ्या काड्या उभ्या होत्या, वर बघायला काही उरलं नव्हतं.

चौकशी मे महिन्यात झाली. एक लांब टेबल, त्यावर पाण्याचे जग, प्रत्येकापुढे ॲपमधल्या त्या ओळीचा प्रिंटआउट. थप्प्या उचलल्या, प्रत्यक्ष पाहिलं, पुढे ताईंचं नाव, तारीख, वेळ सकाळी अकरा. त्या समोरच्या बाजूला बसल्या होत्या, टोपीशिवाय. टोपीशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होतो. केस अगदी पांढरे होते.

थप्प्या उचलल्याचं तुम्ही पाहिलं होतं का, असं त्यांना विचारलं.

त्यांनी प्रिंटआउट वाचला. वेळेवर बोट ठेवलं. अकरा वाजता त्या जंगलात होत्या, सिग्नल नसलेल्या जागी. त्यांना सगळं कळलं. त्यांनी मान मागे टाकली, छताकडे बघितलं, जसं झाडाकडे बघायच्या तसं. मग माझ्याकडे. मी माझ्यापुढच्या कागदाकडे बघत होतो.

‘इट्स माय लॉग-इन,’ त्या म्हणाल्या. एवढंच. खोटं बोलल्या नाहीत. पुढेही कुणी काही विचारलं की तेच एक वाक्य.

बाहेर कार पार्कमध्ये मी त्यांना गाठलं. तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, ‘मुलगी कितवा यीअर?’

‘यीअर ट्वेल्व्ह.’ म्हणजे आपली अकरावी.

‘व्हिसा कंपनीचा आहे ना? परमनंट कधी होणार?’

‘अकरा महिने आहेत अजून.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. रंगाचे डबे मागच्या सीटवर तसेच होते.

त्यांचं काम गेलं. ‘वयाचा आणि दीर्घ सेवेचा विचार करून’ आणखी कारवाई केली नाही, असं पत्रात होतं. जंगलात जायचं ओळखपत्रही परत घेतलं. बत्तीस वर्षं ज्या जंगलात त्यांनी कोणतं झाड राहील आणि कोणतं जाईल हे ठरवलं, तिथे आता त्यांना फाटकापर्यंतच जाता येत होतं.

जुलैमध्ये मी वॉटफर्डला त्यांच्या घरी गेलो. एकट्या राहायच्या. छोटं स्वयंपाकघर, खिडकीत पाइनच्या सुकलेल्या बोंडांची रांग. त्यांनी चहा केला, चीज आणि लसणीच्या चटणीचं सँडविच पुढे ठेवलं. मी एक घासही खाल्ला नाही, सगळं बोललो. टिक, मीटिंग, तीन शुक्रवार. आणि म्हणालो, सॉरी, ताई.

‘मला काय सांगतो?’ त्या म्हणाल्या. ‘मी तिथे होतो.’

त्यांनी सँडविचची बशी माझ्याकडे सरकवली.

‘ज्याला माहीत नाही त्याला सांग.’

‘सांगतो, ताई. व्हिसाचं एकदा होऊ दे.’

‘होऊ दे,’ त्या म्हणाल्या. रागाने नाही, टोमण्यानेही नाही. लॉरी येईल असं मी म्हणायचो तेव्हा ‘बरं’ म्हणायच्या, तसंच. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘माझा झाड कसा आहे? विरळणीवाला?’

‘उभी आहेत सगळी. कमरेपर्यंत काळी झालीत.’

‘वर बघितला?’

‘बघितलं. वर हिरवी आहेत.’

त्या उठून सिंककडे गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ एकच कप धूत राहिल्या.

अकरा महिने मी मोजले. एप्रिलमध्ये ते पत्र आलं: मी, बायको, मुलगी, तिघेही आता इथे कायम. घरी श्रीखंड केलं. मला वाटायचं, त्याच दुपारी मी मॅनेजरच्या दारात जाऊन उभा राहीन. नाही गेलो. आता व्हिसाचं कारण नव्हतं, म्हणून दुसरं शोधलं. मुलीची परीक्षा जवळ आलीय, ती होऊ दे. मग मॅनेजर सुट्टीवर आहे, ती येऊ दे. माणूस भित्रा असला की त्याला कॅलेंडर फार मदत करतं. असे पाच आठवडे गेले.

पाचव्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला. वॉटफर्डच्या अमुक ताई, सकाळी बागेत काम करताना, हार्ट. खाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली. त्या रांगेत एक माझीही आहे.

सोमवारी मी मॅनेजरला सगळं सांगितलं. ती इंग्लिश, माझ्याहून लहान, स्वभावाने बरी. ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘आत्ता का?’ मी म्हणालो, त्या गेल्या. तिने माझी फाइल उघडली, काहीतरी वाचलं, बहुधा व्हिसाची तारीख, आणि फाइल मिटली. त्यानंतर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून बदललेली नाही. मला काढलं नाही. मला ताकीद मिळाली आणि आता मी नवीन लोकांना काही शिकवत नाही. चौकशी बंद झाली होती. ती उघडण्यात कुणालाच रस नव्हता. टिक पुसता येत नाही, ती नोंद गोठवलेली आहे. फक्त शेवटच्या रकान्यात एक ओळ घालायची परवानगी मिळाली. इतर नोंदी. घुबडासाठी केलेला तो रकाना. तिथे मी लिहिलं की ही टिक मी केली. ते कोण वाचणार?

एक माणूस उरला होता. ताईंचे थोरले भाऊ, पिनरला राहतात. शनिवारी सकाळी गेलो. त्यांनी दार उघडलं. पासष्टी ओलांडलेले, स्वेटरची बटणं खालीवर लावलेली. मी नाव सांगितलं.

‘ओह, साहेब!’ ते म्हणाले. ‘यू आर द साहेब. ती बोलायची तुझ्याबद्दल. ये, ये.’

बसलो. मी म्हणालो, ‘दादा, ती आग. ती टिक ताईंनी केली नव्हती.’

‘नाही नाही,’ ते घाईने म्हणाले, जणू माझीच समजूत घालायची होती. ‘तिनेच केली. शी टोल्ड मी हरसेल्फ. माझा मिस्टेक आहे, दादा, असं म्हणाली. मी ऑफिसला जाणार होतो, यू नो, भांडायला. तर म्हणाली, जाऊ नको, माझाच मिस्टेक.’

मला उठून जावंसं वाटलं. ते बोलत राहिले.

‘मग मला काळजी वाटायला लागली. बत्तीस वर्षांत तिने एक झाड चुकवला नाही, आणि एवढे मोठे थप्पी दिसत नाहीत? मला वाटलं, डिमेन्शिया. आमच्या बाबांना शेवटी झाला होता. मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. मेमरी टेस्ट.’ ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. ‘शंभरातून सात सात काढा, असं विचारलं तिला. ती खाली बघत होती. मग वर बघितलं आणि मराठीत सुरू केलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. डॉक्टरला काही कळेना. मी ट्रान्सलेट केलं. फुल मार्क्स. पण मी तरी तिला सोडलं नाही. कार चालवू नको म्हणालो. गॅस बंद केला का, रोज संध्याकाळी फोन करून विचारायचो. एव्हरी डे. शेवटपर्यंत. ती म्हणायची, हो, दादा, केला.’

बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं.

‘काय म्हणत होतास तू?’ त्यांनी विचारलं. ‘टिक कुणी केली?’

मी खाली गालिच्याकडे बघत होतो. मग मान वर केली. समोर त्यांचा चेहरा होता, आणि कपाळ, मिटलेले ओठ अगदी ताईंसारखे. पहिल्यापासून सांगितलं. वही, शुक्रवारचा फोन, पासवर्ड, अकरा वाजता मी काय केलं, तीन वाजता त्या काय म्हणाल्या. चौकशीच्या खोलीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी स्वेटरचं चुकलेलं बटण दोन बोटांत धरलं आणि धरूनच ठेवलं.

‘टिक मी केली, दादा,’ मी म्हणालो. ‘ताई मला तीन शुक्रवार सांगत होत्या. त्यांना सगळं नीट दिसत होतं. सगळं आठवत होतं, शेवटपर्यंत. मला माफ करा.’